कागद कुठं अडतो : सरकारी कामकाजाबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रं महसुली कामांची होती. काही नावाच्या दुरुस्तीची, एक टॉवेल कारखानदाराचं आणि एक कार्यालयाच्या आत बसून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रांत आलेली कार्यालयांची आणि अधिकाऱ्यांची नावं काढून टाकली आहेत, कारण उत्तर अकराही तालुक्यांत उपयोगी पडायला हवं.

प्रश्न : वडील जाऊन वर्ष झालं. वारस नोंदीचा अर्ज दिला त्याला दहा महिने झाले. खाली विचारलं की "वर गेलंय", वर विचारलं की "खालीच आहे". घरी आई, वडिलांची आई, आम्ही दोघे भाऊ. दोन बहिणी लग्न होऊन कर्नाटकात. काय करावं?

उत्तर : आधी हा कागद कोणत्या वाटेनं जातो ते पाहू. मग "वर" म्हणजे कोण ते कळेल.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.) उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तलाठी हा अर्ज गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस प्रकरणांच्या नोंदवहीत घेतो. गावात चौकशी होते, मंडळ अधिकारी वारस कायम करतो. त्यानंतर नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारावर नावं लागतात.

या वाटेवर, वाद नसेल तर, तहसीलदारांचं टेबल येतच नाही. तुमचं "वर" हे मंडळ अधिकाऱ्याचं कार्यालय आहे. तहसीलला घातलेले हेलपाटे म्हणून वाया गेले.

आता तलाठ्याला एक लेखी पत्र द्या आणि त्यात तीनच गोष्टी विचारा : ६-क मधला अनुक्रमांक व तारीख, फेरफार क्रमांक, नोटीस बजावल्याची तारीख. "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारलंत तर "काम चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. क्रमांक विचारला की वही उघडावी लागते. ६-क चा क्रमांकच नसेल, तर दहा महिन्यांत काम सुरूच झालेलं नाही. फेरफार क्रमांक असेल आणि पंधरा दिवस उलटून गेले असतील, तर कागद मंडळ अधिकाऱ्याकडं पडून आहे. गावातले चालू फेरफार "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावरही दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. लॉगिन लागत नाही.

तुमच्या पत्रात घरातल्यांची यादी आहे, पण अर्जात कोणाची नावं दिलीत ते लिहिलेलं नाही. तिथंच घोळ असण्याची शक्यता वाटते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मयत पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. तुमची आजी म्हणजे वडिलांची आई, तीही वारस आहे. म्हणजे नावं सहा हवीत. आजीचं नाव राहणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि बहिणींचं नाव मुद्दाम न घालणं ही त्याहून नेहमीची. दोन्ही ठिकाणी पुढं हरकत येते आणि सगळं मुळापासून सुरू होतं.

बहिणींचे पत्ते पिनकोडसह पूर्ण द्या. "रा. विजापूर" एवढ्यावर नोटीस पोचत नाही, ती परत येते आणि प्रकरण तिथंच थांबतं. बहिणी स्वखुशीनं हक्क सोडणार असतील तर ते काम वेगळं आहे. आधी सहाही नावांची वारस नोंद, मग दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं हक्कसोडपत्र, मग त्यावरून दुसरा फेरफार. चौकशीच्या वेळी "आम्हाला काही नको" असा जबाब लिहून दिला म्हणून हक्कसोड होत नाही. दोन्ही कामं एकाच अर्जात घालू नका.

कागद आणखी तीन ठिकाणी अडतो. सातबारावर "ज्ञानोबा" आणि मृत्यू दाखल्यावर "ज्ञानेश्वर" असेल, तर एकच व्यक्ती असल्याचा पुरावा अर्जासोबतच जोडा. जमीन दोन गावांत असेल तर दोन अर्ज लागतात. आणि सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी आजोबांचे सगळे वारस, म्हणजे काका आणि आत्याही, लावावे लागतात. थेट नातवांची नावं लागत नाहीत.

हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त म्हणून जातं आणि सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.

घरात यावरून ताण असेल तर एवढं सर्वांना सांगा : सातबारावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नाव राहिलं म्हणून बहिणीचा किंवा आजीचा हक्क बुडत नाही.

प्रश्न : अर्ज घेतात, पण पोच मागितली की "ठेवून जा, करतो" म्हणतात. पुन्हा गेलं की अर्जच सापडत नाही.

उत्तर : ठेवून येऊ नका. अर्ज टेबलावर द्यायचा नसतो, बारनिशीत द्यायचा असतो. बारनिशी म्हणजे आवक-जावक विभाग, बहुधा दाराजवळची खिडकी. दोन प्रती न्यायच्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा. हा शिक्का नीट पाहायला शिका. त्यात कार्यालयाचं नाव, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही अशा चार गोष्टी असतात. पुष्कळदा शिक्का ठळक उमटतो, तारीख आणि वळणदार सहीही येते, पण "क्र." पुढची जागा कोरी राहते. "क्रमांक नंतर टाकतो" म्हणजे अर्ज वहीत चढलेला नाही. तिथंच थांबा आणि क्रमांक टाकून घ्या.

अर्ज एका पानाचा, एका मागणीचा असावा. विषय एका ओळीत. खाली "सोबत : १) ... २) ... एकूण कागद ७" असं मोजून लिहा, म्हणजे नंतर एखादा कागद गळाला तर तो आत गळला हे सिद्ध होतं. रस्ता, नळ आणि दाखला अशा तीन तक्रारी एका अर्जात लिहिल्या तर तो तीन टेबलांचा होतो आणि कोणाचाच राहत नाही.

आवक झाल्यावर कागद डाकेत अधिकाऱ्यासमोर जातो, तिथं त्यावर संकलनाचं, म्हणजे काम ज्या शाखेचं तिचं, नाव लिहिलं जातं आणि मग संबंधित लिपिक तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत घेतो. म्हणजे क्रमांक दोन झाले : आवक क्रमांक आणि कार्यविवरण क्रमांक. कागद हरवतात ते बहुतेक या दोन वह्यांच्या मधे. म्हणून आठ दिवसांनी जाऊन दुसरा क्रमांक विचारून घ्या आणि पोच प्रतीच्या मागं लिहून ठेवा. खिडकीवर अर्ज घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा.

ज्याच्या ओळखीचा आमदार आहे त्याचं काम फोनवर होतं. ज्याला कोणाची ओळख नाही त्याच्या हातात हा क्रमांकच असतो, म्हणून त्यासाठी खिडकीवर दहा मिनिटं उभं राहावं.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नोकरशाहीची वैशिष्ट्यं पाठ आहेत, पण कार्यालयात निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं, कारकून की साहेब? (जुळे सोलापूर)

उत्तर : सही साहेबांची असते. पण कशावर सही करायची ते कारकुनाच्या टिपणीत ठरतं.

नस्तीचे, म्हणजे फाइलचे, दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार : अर्ज, दाखले, आलेली-गेलेली पत्रं, सगळ्यांना पृष्ठ क्रमांक. दुसऱ्या बाजूला टिपणी. लिपिक तिथं लिहितो : विषय काय, वस्तुस्थिती काय (प्रत्येक विधानापुढं "पृ. १२/प.वि." असा पत्रव्यवहाराच्या पानाचा दाखला), कोणता नियम किंवा शासन निर्णय लागू, यापूर्वी अशा प्रकरणात काय केलं, आणि शेवटी "मान्य केल्यास ... आदेशार्थ सादर". खाली लिपिकाची लघुस्वाक्षरी, मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार अशी नस्ती चढत जाते. वरचा अधिकारी एका शब्दात "मान्य" लिहू शकतो, "नियम दर्शवून फेरसादर करावे" लिहू शकतो किंवा "चर्चा करावी" लिहू शकतो. या तिसऱ्या शेऱ्याला तारीख नसते. नस्ती खाली येते आणि चर्चेची वेळ मिळेपर्यंत खालीच राहते.

विलंबाचं मूळ तुमच्या पुस्तकात "लालफीत" एवढ्या शब्दात संपतं, पण ते समजून घेण्यासारखं आहे. चुकीची मंजुरी दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली टिपणीवर सह्या करणाऱ्यांवर लागू शकते. त्रुटी काढून नस्ती परत पाठवली तर सहसा कोणी काही विचारत नाही. होकाराला धोका आहे आणि प्रश्न विचारायला नाही, अशा जागेवर बसलेला माणूस प्रश्नच विचारणार. म्हणून अर्जासोबत लागू शासन निर्णयाची प्रत, त्यावरच्या सांकेतांकासह, आणि तशाच प्रकरणात झालेला आधीचा आदेश जोडावा. लिपिकाला सही करायला आधार मिळतो आणि नस्ती एका फेऱ्यानं कमी फिरते.

लिपिकाच्या टेबलावर कागद सहा गठ्ठा पद्धतीनं, म्हणजे प्रकार पाडून सहा गठ्ठ्यांत, लावायचे असतात. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी केलेल्या कार्यालयीन सुधारणांतून ती राज्यभर गेली. त्यातला "प्रतीक्षाधीन" गठ्ठा लक्षात ठेवा. दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचं आहे अशी प्रकरणं त्यात असतात, आणि स्मरणपत्र गेलं नाही तर ती तिथंच वर्ष काढतात. अर्जदारानं "कोणाच्या उत्तराची वाट आहे?" असं विचारलं की हा गठ्ठा हलतो.

परीक्षेसाठी : लेखी नियम, ठरलेलं अधिकारक्षेत्र, पदांची उतरंड, कागदोपत्री कामकाज आणि पद व व्यक्ती यांची फारकत ही वैशिष्ट्यं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं मांडली, त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये ग्रंथरूपात आलं. राज्यघटनेचं कलम ३११ शासकीय सेवकाला चौकशीशिवाय बडतर्फ करण्यापासून संरक्षण देतं. कलम १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो, म्हणून प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ असते. आणि बदल्या व विलंबाबाबतचा राज्याचा २००५ चा अधिनियम नीट वाचा. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडं राहू नये. तातडीची चार दिवसांत, अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निकाली काढावी. दुसऱ्या विभागाकडं पाठवायची नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. ही मुदत परीक्षेपुरती नाही. वरच्या वारस प्रकरणातला कागद मंडळ अधिकाऱ्याकडं पडून असेल, तर त्या शेतकऱ्यानं त्यालाही लेखी पत्र द्यावं आणि त्यात हेच कलम लिहावं.

प्रश्न : आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्याच्या नोंदीत "नरसव्वा", आधारवर "नरसम्मा", रेशनकार्डावर "नरसुबाई". भविष्य निर्वाह निधीचा दावा परत आला. (विडी घरकुल परिसर)

उत्तर : सोलापुरात हा प्रश्न घरोघरी आहे, आणि तो कोणाच्या अडाणीपणातून आलेला नाही. घरात तेलुगू किंवा कन्नड, कार्यालयात मराठी, संगणकावर इंग्रजी. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, मराठी नोंदीत शेवटी. "अम्मा", "अव्वा", "बाई" हे नावाचा भाग की मान देणारा शब्द, हे लिहिणाऱ्यानं आपापल्या समजुतीनं ठरवलं. माणूस बोलतो त्या भाषेत नोंद न ठेवणाऱ्या व्यवस्थेची ही चूक आहे. ती निस्तरायचं काम मात्र म्हातारपणी त्या बाईवर येतं.

कोणतीही दुरुस्ती करण्याआधी घरातले सगळे कागद एका रांगेत मांडा आणि वहीच्या पानावर तक्ता करा : कागद, त्यावरचं नाव अक्षरशः जसं आहे तसं, जन्मतारीख, कागदाची तारीख. मग एक नाव कायम ठरवा. शक्यतो जे बदलायला सर्वात अवघड त्या कागदावरचं.

आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून "आधी आधार बदलून टाकू" ही घाई करू नका. तिथली संधी चुकीच्या स्पेलिंगवर वाया गेली की पुढं फार त्रास होतो. आईच्या बाबतीत आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकच असेल तर तेच धरा आणि निधीच्या नोंदीतलं नाव बदलून घ्या. त्यासाठी सदस्य आणि मालक दोघांच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र लागतं. कारखाना सुरू असेल तर त्यांच्यामार्फत द्या. बंद पडला असेल तर सोलापूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात जाऊन, बंद आस्थापनेच्या बाबतीत घोषणापत्रावर कोणाची साक्षांकित सही चालते ते लेखी विचारा. विडी कामगार ओळखपत्र आणि जुनी निधीची चिठ्ठी असेल ती जोडा. आधारवरची जन्मतारीख निधी कार्यालय आता जन्माचा पुरावा म्हणून धरत नाही, त्यामुळं तारखेतही फरक असेल तर शाळेचा किंवा जन्माचा दाखला शोधावा लागेल.

दुरुस्ती आणि बदल यांत फरक आहे. लिहिताना झालेली चूक म्हणजे दुरुस्ती. ती त्या त्या नोंदवहीतच होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करतो. खरोखर नवं नाव घ्यायचं असेल तरच महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्धी. साध्या स्पेलिंगसाठी लोक एजंटाला पैसे देऊन राजपत्र करून घेतात, आणि मग "नाव बदललं" असं कागदोपत्री ठरल्यामुळं जुने कागद जुळवणं आणखी अवघड होतं.

घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर आजच त्यांचं जनरल रजिस्टरमधलं नाव पाहून या. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातो.

दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे, तशी अधिसूचना २००४ पासून आहे. बऱ्याच दाखल्यांना तर साधं स्वयंघोषणापत्र आणि आपल्याच सहीच्या प्रती चालतात. कोणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर कशासाठी ते लिहून द्यायला सांगा.

प्रश्न : माहिती अधिकारात "माझा दाखला का अडवला?" असं विचारलं. "प्रश्नार्थक माहिती देय नाही" असं उत्तर आलं.

उत्तर : ते उत्तर कायद्याला धरून आहे. माहिती म्हणजे कार्यालयात कागदावर किंवा संगणकावर असलेली गोष्ट. "का" याचं उत्तर नस्तीत लिहिलेलं असेल तरच मिळतं. म्हणून नस्तीच मागा : "माझा दि. ... चा आवक क्र. ... चा अर्ज, त्यावरील संपूर्ण टिपणी भागाच्या प्रमाणित प्रती, तो अर्ज कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता त्याची कार्यविवरण नोंदवहीतील नोंद." एवढं पुरे. राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा असं आहे, त्यामुळं रागाची वाक्यं आधी काढा.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीसाठी पानाला दोन रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत पुढं पाठवायचा. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं, त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. प्रती नको असतील तर नस्ती पाहायला मागता येते. पहिला तास विनाशुल्क. जाड नस्ती असेल तर आधी पाहून हवी तेवढीच पानं मागवणं शहाणपणाचं.

पण दाखलाच हवा असेल तर माहिती अधिकार हा लांबचा रस्ता आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. सेवा अधिसूचित यादीत आहे का, मुदत किती, पदनिर्देशित अधिकारी कोण हे कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की तीस दिवसांत प्रथम अपील. तिथं काम झालं नाही तर द्वितीय अपील, मग सेवा हक्क आयोग. सबळ कारण नसताना सेवा न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न : लोकशाही दिनाला काम होतं का?

उत्तर : लोकशाही दिन म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकण्याचा महिन्यातला दिवस. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुका, तिथं महिन्यात उत्तर नाही आलं तर जिल्हा. अर्ज विहित नमुन्यात, आगाऊ, दोन प्रतींत. न्यायालयात असलेली, अपिलाची आणि नोकरीविषयक प्रकरणं घेत नाहीत. दोन खात्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलेल्या प्रकरणाला याचा खरा उपयोग होतो, कारण दोन्ही खात्यांची माणसं एकाच खोलीत असतात.

प्रश्न : पैसे मागितले आणि आम्ही नाइलाजानं दिले. आता तक्रार केली तर आम्हीच अडकू का?

उत्तर : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण भाग पाडल्यामुळं दिली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर संरक्षण आहे. सात दिवस मोजूनच. देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन केलात तर उत्तमच. रक्कम, तारीख, वेळ, कोणत्या टेबलावर मागितली, हे घरी येताक्षणी लिहून ठेवा.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे, दोन पाळ्या, चाळीसेक माणसं. सुताच्या पोत्यापासून मशीनच्या पट्ट्यापर्यंत सगळं माझ्या सहीनं. मी दोन दिवस बाहेर गेलो की काम थांबतं. नियम केले तर आपलंही सरकारी कार्यालय होईल अशी भीती वाटते. (अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत)

उत्तर : तुमच्याकडं आत्ताच सर्वात वाईट प्रकारचं कार्यालय आहे : एकच टेबल, आणि त्यावरचा माणूस गावाला गेलेला. अधिकार लिहून दिले की टेबलं वाढतात, पण कागद थांबत नाही.

एका पानावर तीन रकाने आखा : काम, रक्कम, सही कोणाची. उदाहरणादाखल, सुटे भाग दोन हजारांपर्यंत पाळीचा जॉबर (मुकादम), पंधरा हजारांपर्यंत व्यवस्थापक, त्यावर तुम्ही. आकडा महिन्याच्या जुन्या बिलांवरून ठरवा : सगळी बिलं रकमेनुसार लावा, संख्येनं दहातली आठ तुमच्याशिवाय निघतील अशी मर्यादा धरा. त्याखाली लिहा : तुम्ही नसताना तुमची सही कोण करणार, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत. सरकारी कार्यालयांत काम अडतं त्यातलं बरंचसं या एका ओळीअभावी : अधिकारी रजेवर, आणि प्रभार कोणाकडं ते कागदावर नाही.

माल मागवणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे देणारा हे तिघं कधीही एक नसावेत, मग तो सख्खा भाऊ का असेना. सुताची पोती उतरताना काउंट (सुताच्या जाडीचा क्रमांक), वजन आणि पोत्यांची संख्या घेणाऱ्यानं स्वतः मोजून लिहावी, चलनावरून उतरवून नव्हे. चलन त्याच्या हातात मोजून झाल्यावर द्या. फरक पकडला जातो तो या क्षणी. रंगकामाला गेल्यावर सूत मुळातच कमी आलं होतं की वाया गेलं ते कोणी सांगू शकत नाही.

नियम करताना प्रत्येकापुढं तो कशासाठी आहे ते एका ओळीत लिहा आणि दर दिवाळीनंतर यादी वाचा. ज्याचं कारण उरलं नाही तो काढा. सरकारी नियमावल्या जड झाल्या त्या नियम वाढले म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त, जुने कोणी काढले नाहीत म्हणून.

प्रश्न : मी एका कार्यालयात लिपिक आहे. लाभार्थी यादीत अमुक नाव घ्या असं साहेब तोंडी सांगतात. टिपणी मी लिहितो, सही माझी. नाही म्हटलं तर त्रास, हो म्हटलं तर चौकशी.

उत्तर : तुमची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय नस्तीतच आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तोंडी आदेशांवर काम होऊ नये, आदेशाची लेखी नोंद असावी, असं स्पष्ट केलं. तो खटला वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या संदर्भातला होता, पण तोंडी आदेश कागदावर आणण्याची शिस्त तुमच्या टेबलालाही तितकीच लागू आहे.

त्याच दिवशी टिपणी लिहा : "आपण आज दि. ... रोजी दिलेल्या तोंडी निर्देशानुसार श्री. ... यांचे नाव समाविष्ट करण्याची बाब सादर. शासन निर्णय दि. ... मधील अट क्र. ... प्रमाणे ... आवश्यक असून ते प्रकरणी उपलब्ध नाही. आदेशार्थ सादर." बस. "दबाव", "नियमबाह्य", "नाइलाज" असे शब्द नकोत. वस्तुस्थिती आणि अट शेजारी शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, आणि तुमच्यावर उद्धटपणाचा ठपका येत नाही. फोनवर सांगितलं असेल तर "दूरध्वनीवरील निर्देश" आणि वेळ लिहा. ई-ऑफिस असेल तर त्यातूनच सादर करा. नस्ती कधी गेली, कधी परत आली याची वेळ आपोआप नोंदली जाते. पुष्कळदा अशी टिपणी गेली की नाव घालण्याचा आग्रह तिथंच संपतो, कारण आता सही वरच्याला करायची असते.

वरून "मान्य" आलं तर आदेश पाळा, यादीत त्या नावापुढं आदेशाचं पृष्ठ आणि तारीख लिहा. टिपणीची छायाप्रत घरी नेऊ नका, ती शिस्तभंगाची वेगळी बाब होऊ शकते. नस्ती क्रमांक, टिपणीचं पान आणि तारीख एवढंच आपल्या डायरीत ठेवा. उद्या चौकशी निघाली तर तेवढ्यावरून मूळ कागद मागवता येतो.